कांचीचे रेशीम : वारसा कोणाचा आणि वेठ कोणाची?

तामिळनाडूतील कांचीपुरम हे प्राचीन नगर दोन गोष्टींसाठी सर्वत्र विख्यात आहे. एक तेथील देवळे आणि दुसरी तेथील रेशमी साडी, जिला आपल्याकडे कांजीवरम म्हणतात. ह्या दोहोंची सांगड घालून स्तुतिस्तोत्रे गाणाऱ्यांचे अलीकडे पेवच फुटले आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ थोडक्यात असा : कांचीचा विणकर हा देवांचा विणकर, मार्कंडेय ऋषीने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, त्या ऋषीच्या कुळात हा जन्मला, म्हणून माग हेच त्याचे देवघर आणि विणणे हीच त्याची पूजा. आता त्याची मुले माग सोडून कारखान्यांत नोकरीस जाऊ लागली आहेत, ही संस्कृतीवर कोसळलेली आपत्ती होय. तेव्हा वारसा वाचवा हो, वारसा वाचवा!

आमचा ह्या आक्रोशास विरोध आहे. रेशमास नव्हे, कौशल्यास नव्हे, विणकरास तर नव्हेच. मुलगा बापाच्या मागावरून उठला म्हणून गळा काढणाऱ्या ह्या वृत्तीस आमचा विरोध आहे.

मार्कंडेयाची कथा महाराष्ट्रातील वाचकांस अपरिचित नाही. सोलापुरात वस्ती करून राहिलेला तेलुगू भाषिक पद्मशाली समाजही आपली वंशावळ त्याच ऋषीपाशी नेऊन भिडवतो. ज्यांच्या श्रमावर जग सजते पण ज्यांना जग शूद्र म्हणते, त्या लोकांनी आपल्या सन्मानासाठी एखाद्या ऋषीचे गोत्र लावून घ्यावे, ह्यात त्यांचा दोष आम्ही मानीत नाही. दोष आहे तो त्या कथेचा उपयोग करून घेणाऱ्यांचा. कारण धंद्यास एकदा ऋषीचे कूळ चिकटले की तो धंदा राहत नाही, तो जन्म होतो. धंदा सोडता येतो. जन्म कसा सोडणार? चातुर्वर्ण्याची सारी किमया ह्या एका हातचलाखीत साठवलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त ह्याच युक्तिवादाचा बुरखा फाडला होता. कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची उतरंड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

आणि ती उतरंड कांचीतही होतीच. पंधराव्या शतकाच्या अखेरीचे, विजयनगरच्या अमलातील शिलालेख ह्याला साक्ष आहेत. कांचीच्या कैक्कोळ विणकरांना पालखीत बसण्याचा व शंख वाजविण्याचा मान होता. तोच मान इतर गावांच्या कैक्कोळांना मिळाल्याची नोंद त्या लेखांत आहे. विचार करा : हातात तेच कसब, मागावर तेच सूत; परंतु एका गावच्या विणकराने शंख फुंकला तर तो मान, दुसऱ्या गावच्या विणकराने फुंकला तर तो अपराध! शंख फुंकण्यास दगडावर कोरलेली परवानगी लागावी, असा हा देवांचा विणकर!

आता ज्या नगरास 'हजार देवळांचे नगर' म्हणून मिरविले जाते, त्याच्या वारशाचा हिशेब पाहू. सातव्या शतकाच्या मध्यास चिनी भिक्षू ह्युएनत्संग ह्याने कांचीचे वर्णन केले आहे. तेथे शंभराहून अधिक संघाराम होते आणि दहा हजारांवर भिक्षू राहत, अशी त्याची नोंद आहे. देवळे त्याने मोजली ती ऐंशीच्या घरात. नालंदा महाविहाराचे आचार्य धर्मपाल ह्यांचा जन्म कांचीचा, हेही तोच सांगतो. न्यायशास्त्रात क्रांती करणारे आचार्य दिङ्नाग कांचीच्या परिसरातले, अशी बौद्ध परंपरा आहे. अट्ठकथाकार बुद्धघोषांनी आपल्या एका ग्रंथाच्या अखेरीस कांचीपुरातील आपल्या वास्तव्याचा उल्लेख केला आहे. पल्लव राजा महेंद्रवर्मा ह्याने 'मत्तविलास' नावाचे प्रहसन लिहून बौद्ध भिक्षूची टिंगल केली, तिचे स्थळही कांचीच. टिंगल करण्याइतके भिक्षू त्या नगरीच्या रस्त्यांवर होते, हे तरी त्यावरून सिद्ध होते.

ते संघाराम गेले कोठे? १९१५ साली गोपीनाथ राव ह्या पुरातत्त्व पंडिताने कांचीतील बौद्ध अवशेषांवर लेख लिहिला, तेव्हा त्याला बुद्धमूर्ती सापडल्या त्या देवळांच्या आवारांत. कामाक्षीच्या देवळातील उभी, पुरुषभर उंचीहून मोठी बुद्धमूर्ती पुढे मद्रासच्या संग्रहालयात गेली. यात्रेकरूंना सांगितल्या जाणाऱ्या कांचीच्या माहात्म्यात हे येत नाही. वारसा वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी वारशाची यादी तरी प्रामाणिकपणे करावी, एवढीच आमची विनंती आहे.

त्या यादीत एका मुलीचे नाव अग्रभागी पाहिजे. तामिळ भाषेत 'मणिमेखलै' नावाचे बौद्ध महाकाव्य आहे. सात्तनार हा त्याचा कर्ता. त्याची नायिका मणिमेखलै ही गणिकेच्या कुळात जन्मलेली. तिची आजी चित्रापती आग्रह धरते की नातीने कुळाचा धंदा पुढे चालवावा, कुळाची रीत मोडू नये. आजीच्या दृष्टीने तोही वारसाच होता! मणिमेखलै तो झुगारते. ती कांचीला येते. नगरात दुष्काळ पडलेला असतो. आपल्या अक्षय भिक्षापात्रातून ती भुकेल्यांना अन्न देते आणि तेथेच अरवण नावाच्या वृद्ध आचार्यांपासून धम्माचे ज्ञान घेते. कांचीच्या साहित्यातील ही थोर स्त्री कोण? जन्माने लादलेला धंदा नाकारणारी! संस्कृतिरक्षकांना कांचीची परंपराच हवी असेल, तर ही घ्या. हिच्याहून जुनी आणि हिच्याहून उजळ परंपरा त्या नगरात आणखी कोणती दाखविता?

असो. आता मागाकडे वळू. कारण ज्यांनी हे रेशीम केवळ दुकानाच्या काचेआड पाहिले आहे, त्यांना त्यातील श्रमांची कल्पना नसते. कांचीत ना रेशीम पिकते ना जर. रेशीम येते कर्नाटकातून आणि जर पुष्कळशी सुरतेहून. कांचीचे स्वतःचे असे जे आहे ते मनुष्याचे हात. ताणा भाताच्या पेजेत बुडवून उन्हात ताणून वाळवायचा, खड्ड्याच्या मागात पाय सोडून बसायचे, आणि दिवसच्या दिवस तेच. कांजीवरमची खरी ओळख म्हणजे तिचे काठ. अंगाचा रंग निराळा, काठाचा निराळा, आणि तरी सांधा असा की ओढून फाटावयाचा नाही. त्यास तामिळमध्ये कोरवै म्हणतात. तीन धोटे चालतात : एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. विदर्भातील करवतकाठी लुगड्याचा काठ ज्यांनी विणताना पाहिला असेल, त्यांना हे तंत्र समजावून सांगण्याची गरज नाही. पदराचा रंग बदलावयाचा झाला तर ताण्याचा एकेक धागा नव्या धाग्याशी गुंतवावा लागतो. त्यास पेटनी म्हणतात.

परंतु तीन धोटे एका माणसाच्या दोन हातांना आवरत नाहीत. कोरवैसाठी विणकराच्या शेजारी आणखी एक जोडीदार बसावा लागतो, आणि हा जोडीदार परंपरेने बहुधा पोर असे. आपण ज्या काठाची वाखाणणी करतो, ज्यावर गोपुरांच्या नक्षीची कौतुके होतात, तो काठ पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांच्या हातांनी फेकलेल्या धोट्याने विणला गेला आहे. मूल घरचे असले तर त्याची शाळा बुडाली. घरचे नसले तर त्याचे बालपण उचलीपोटी गहाण पडले. उचल म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. ऊसतोडीच्या मुकादमापासून वीटभट्टीच्या मालकापर्यंत सर्वांचा तो परिचयाचा फास आहे. मालकाने बापाला आगाऊ रक्कम द्यावयाची, आणि ती फिटेपर्यंत मुलाने मागावर बसावयाचे. मजुरी एवढी तुटपुंजी की ती रक्कम फिटूच नये.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. जानेवारी २००३ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने भारतातील रेशीम धंद्यातील वेठबिगार मुलांवर अहवाल प्रसिद्ध केला. कर्नाटक, वाराणसी आणि कांचीपुरम येथील मुलांच्या साक्षी त्यात आहेत. त्या वेठबिगार मुलांत दलित, खालच्या मानलेल्या जातींची आणि मुसलमानांची मुलेच पुष्कळ. म्हणजे ऋषीच्या कुळाची महती सांगावयाची मोठ्यांना, आणि धोटा फेकावयास बसवावयाचे ते ज्यांना कोणतेच ऋषिकूळ नाही अशांच्या लेकरांना. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ चा. संविधानाचे २३ वे कलम १९५० पासूनचे. आणि अहवाल २००३ चा!

कायद्याचीही एक खोच लक्षात घेण्याजोगी आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत कापड विणण्याचे व रंगविण्याचे काम मुलांना निषिद्ध ठरविले होते; परंतु त्याच कायद्याने कुटुंबाच्या साह्याने चालणाऱ्या कार्यशाळांना ह्या बंदीतून वगळले. २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. मात्र शाळा सुटल्यावर व सुटीत, धोक्याच्या नसलेल्या घरच्या उद्योगात मुलाने मदत करावी, ही वाट तेव्हाही मोकळी ठेवण्यात आली, आणि ती मोकळी ठेवताना परंपरागत कलांचे नाव पुढे करण्यात आले. घराच्या आत, खड्ड्याच्या मागावर, शाळा सुटल्यानंतर मूल किती वेळ बसले हे मोजावयास कोणता निरीक्षक जाणार? 'घरचा उद्योग' हा शब्द उच्चारला की जातीचा धंदा आपोआप पवित्र होतो.

मद्रास प्रांताने हे सोंग एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी रोज तीन तास शाळेत बसावे व उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. कुंभाराच्या पोराने चाक फिरवावे, चांभाराच्या पोराने चामडे शिवावे, विणकराच्या पोराने धोटा फेकावा. ज्यांच्या बापांचा धंदाच वाचणे-लिहिणे हा होता, त्यांच्या मुलांचे त्यात काय बिघडणार होते? पेरियार रामस्वामींनी ह्या योजनेस 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे यथार्थ नाव दिले. द्राविडी जनता रस्त्यावर उतरली. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना रद्द केली.

त्या आंदोलनाच्या अग्रभागी असलेले अण्णादुराई कोठले? कांचीपुरमचेच. १९०९ साली तेथील विणकर समाजातील सेंगुंदर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पच्चैयप्पा कॉलेजातून ते एम्. ए. झाले, आणि १९६७ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. कुळाचा वारसा वाचविण्यासाठी त्यांना मागावर बसविले असते, तर तामिळ जनतेस तिचा अण्णा लाभला असता काय? कांचीत आज त्यांच्या जन्मघराचे स्मारक आहे. कुलधर्माचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या घरासमोर क्षणभर उभे राहावे.

येथवर विणकराच्या पोराचा विचार झाला. परंतु प्रश्नाची दुसरी बाजू अशी, की ज्यांना मागावर बसावयाचे होते त्यांना ती मोकळीक होती काय? राजराज चोळाच्या काळातील एका शिलालेखात परैयर जातीचे दोन भेद सांगितले आहेत : नेसवु, म्हणजे विणणारे, आणि उळवु, म्हणजे नांगरणारे. ज्यांना पुढे अस्पृश्य म्हणून गावाबाहेर लोटले, त्यांच्याही हातात माग होता. आपल्याकडेही वऱ्हाड-नागपुरात महार समाज जाडेभरडे कापड विणीतच असे. पण रेशमाच्या वाटेवर जातीचा खांब उभा. गिरणी आली तेव्हा तरी तो खांब पडावयास हवा होता. तोही पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात, जेथे मजुरी अधिक मिळे, अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे; अस्पृश्याच्या ओठांनी सूत विटाळेल! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला आणि संपाच्या पुढाऱ्यांना त्याचे उत्तर देणे भाग पाडले. एकास माग सोडू द्यावयाचा नाही, दुसऱ्यास मागाला शिवू द्यावयाचे नाही. दोघांच्या पायांतील बेडी एकाच लोहाराने घडविलेली आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या तिघांपैकी कबीर हा विणकर होता, ही गोष्ट आम्ही येथे सहज नमूद करतो.

कांची पूर्वी चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे. त्या जिल्ह्याचा कलेक्टर ट्रेमेनहीर ह्याने परैयरांच्या हलाखीवर सरकारास टिपण सादर केले. त्यातून १८९२ साली अस्पृश्यांना जमिनी देण्याचा हुकूम निघाला. त्याच पंचमी जमिनी. त्यांतील पुष्कळशा पुढे इतरांच्या घशात गेल्या, आणि त्या परत मागणाऱ्या दलितांवर चेंगलपट्टूस १९९४ साली गोळीबार होऊन दोघे प्राणास मुकले. रेशमाच्या नगराभोवतालच्या भूमीचा हाही वारसा आहे; परंतु त्यावर जरीची वेलबुट्टी निघत नाही, म्हणून त्याची कोणास आठवण नाही. ह्याच परैयरांना आपण मूळचे बौद्ध आहोत असे सांगून पंडित अयोतीदासांनी १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्याच चळवळीतील प्रा. लक्ष्मीनरसू ह्यांच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९४८ साली निघाली, तिला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. नागपूरच्या दीक्षाभूमीची नाळ त्या भूमीशी अशी जुळलेली आहे.

रेशमाचा विचार करताना किड्याचा विचार टाळता येत नाही. एका साडीसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात. विनयपिटकात ह्याविषयी एक नियम आहे. काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे जाऊन आसनासाठी रेशीम मागू लागले, तेव्हा ते कारागीर कुरकुरले : आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी इतके जीव मारतो, हेच आमचे दुर्दैव, ह्या श्रमणांना काय झाले? ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली आणि रेशीममिश्रित आसन भिक्षूंना निषिद्ध झाले. वाचकहो, येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. भगवंतांनी दोष दिला तो मागणाऱ्या भिक्षूंना. पोटासाठी कोश उकळणाऱ्या कारागिरास नव्हे. आता कांचीच्या मठाचे परमाचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती पाहा. तेही रेशीम वापरू नका, जीव मरतात, असा उपदेश करीत. उपदेश चांगलाच आहे. परंतु तेच आचार्य आपल्या प्रवचनांत वर्णाश्रमाचे समर्थन करीत आणि जन्माने ठरलेला धंदा समाजाच्या हिताचा म्हणून सांगत. किड्याचा कोश फोडू नये, आणि माणसाचा कोश मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिवून ठेवावा! ही कोणत्या जातीची अहिंसा?

आम्हांस विचारतील, की तुमचे म्हणणे मान्य केले तर ही कला मरेल, त्याचे काय? आमचे उत्तर असे, की जी कला मुलाच्या शाळेवर आणि बापाच्या कर्जावर जगते, ती मरण्याची भीती घालून मुलाची शाळा बंद करता येणार नाही. कला जगवावयाची तर तिचे मोल द्या. २००५ साली कांचीपुरमच्या रेशमास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाच्या नावाचे रक्षण झाले; मजुरीचे झाले काय? कोणीही दुसऱ्या गावात यंत्रमागावर विणून कांजीवरम म्हणून विकू नये, ह्यासाठी कायदा आहे, तो असावाच. पण खऱ्या कांजीवरमच्या किमतीतून विणणाऱ्याच्या हाती किती पडावे, ह्यावर मानांकन मुग्ध आहे. २०१५ पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. भाषणे होतात, शाली पांघरल्या जातात. २००८ सालच्या 'कांचीवरम' चित्रपटात मुलीच्या लग्नात रेशमी साडी नेसवण्याचे वचन दिलेला विणकर मालकाकडील धागे तोंडात लपवून घरी आणतो. त्या चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. जो विणतो त्याच्या लेकीस ते नेसावयास मिळत नाही, हे राष्ट्रास इतके हृदयस्पर्शी वाटले की त्याने पारितोषिक दिले!

आणि माग सोडून मुले जातात कोठे? जवळच श्रीपेरुंबुदूरला, मोटारींच्या आणि विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांत. तेथे स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथेही २०२४ साली सॅमसंगच्या कामगारांना आपली संघटना मानली जावी म्हणून महिनाभराहून अधिक काळ संप करावा लागला. परंतु संप करता येतो, हाच तर फरक आहे! मार्कंडेयाच्या वंशजाने संप कोणाविरुद्ध करावयाचा? ऋषीविरुद्ध? की उचल देणाऱ्या, त्याच गल्लीत राहणाऱ्या आणि लग्नकार्यात मानाच्या पाटावर बसणाऱ्या मोठ्या विणकराविरुद्ध? कारखान्यात मालक मालक असतो आणि मजूर मजूर. दोघांत कुळाचे सोंग नसते.

ज्यास विणावयाचे आहे त्याने खुशाल विणावे. मूल शाळा शिकून, जाणते होऊन, आपल्या मर्जीने मागावर बसले तर त्याच्या हातचा काठ पाहून आम्हांसही आनंदच होईल. परैयराच्या मुलीस कोरवै शिकावयाची असेल तर सहकारी संस्थांनी तिला माग द्यावा, आणि सेंगुंदराच्या मुलास वकील व्हावयाचे असेल तर शासनाने त्याला शिष्यवृत्ती द्यावी. कांचीत विणकरांच्या सहकारी संस्था आहेत. तामिळनाडूतील हातमाग विणकरांची मध्यवर्ती सहकारी संस्था, जिला लोक को-ऑप्टेक्स म्हणून ओळखतात, ती तर १९३५ पासूनची. सावकाराची उचल मोडून काढण्याचे साधन हातात असताना ते बोथट का राहावे, हा प्रश्न कांचीच्या विणकरांनी आपल्या संस्थांच्या सभांत विचारावयाचा आहे, आणि तेथील आंबेडकरी कार्यकर्त्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावयाचे आहे.

एक शब्द आपल्या घरच्यांसाठी. आपल्या धम्मविधीने होणाऱ्या विवाहात वधू पांढरे वस्त्र नेसते. ती साधी रीत सोडून स्वागतसमारंभाच्या नावाखाली कांजीवरमचा हव्यास आता आपल्याही मंडपांत शिरू लागला आहे, आणि त्यासाठी कर्ज काढणारे बाप आम्हांस ठाऊक आहेत. मनाई करणारे आम्ही कोण? ज्या भगिनीस घ्यावयाची असेल तिने घ्यावी. मात्र दुकानदारास जरीचा कस विचारतो त्याच आवाजात हेही विचारावे, की ही साडी कोणत्या सहकारी संस्थेची, विणणाऱ्यास ह्यातून किती मजुरी मिळाली, आणि दुसऱ्या काठाचा धोटा कोणाच्या हातात होता. दुकानदार उत्तर देणार नाही. तरी विचारावे, आणि पावती मागून घ्यावी.